मुलांना आजीकडे ठेवून शनिवार-रविवार अहमदाबाद: आराखडा आणि त्यातल्या खाचाखोचा

मुक्कामपोस्ट (धागाकर्ता)

मुंबई-ठाणे-पुण्याच्या जोडप्यांना लहान मुलं घरी ठेवून दोन दिवस कुठे जायचं म्हटलं की लोणावळा, अलिबाग नाहीतर गोवा. तिन्ही ठिकाणी शनिवारी अर्ध गाव तिथेच असतं. त्यापेक्षा अहमदाबाद बघा. रात्रभर झोपून जाता येतं, रजा लागत नाही. शिवाय तिथल्या चांगल्या गोष्टी मुलांना घेऊन जमतच नाहीत: सकाळी अडीच तास पायी फिरणं, रात्री बाराला रस्त्यावर खाणं आणि एक असं संग्रहालय जिथे दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशच नाही.

आराखडा टाकतोय, फोडून काढा.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने मुंबईहून. साधारण ४९० किलोमीटर, सात-आठ तास.
शनिवार: सकाळी साडेदहाला कॅलिको संग्रहालय (जुन्या कापडांचं), दुपारी अडालजची वाव (पायऱ्यांची विहीर), संध्याकाळी साबरमती आश्रम, रात्री माणेक चौक.
रविवार: सकाळी जुन्या शहरातला हेरिटेज वॉक, दुपारी थाळी, संध्याकाळी सिदी सय्यदची जाळी, रात्रीची गाडी. सोमवारी पहाटे घरी, मुलं उठायच्या आत.

मोढेरा आणि पाटण मुद्दाम घेतलेलं नाही. मोढेरा शंभर किलोमीटर, पाटण त्याच्याही पुढे. पाटणची राणी की वाव थोर आहेच (शंभराच्या जांभळ्या नोटेवर तीच आहे), पण त्यात अख्खा दिवस गाडीत जातो. ते मुलं मोठी झाल्यावर, तीन दिवस काढून.

बोगी नं. सात

आराखडा ठीक, क्रम उलटा आहे.

कॅलिकोची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते आणि ती हलत नाही. एका फेरीत साधारण वीस माणसं घेतात, सोबत त्यांचा माणूस, उशिरा येणाऱ्यासाठी कोणी थांबत नाही. हेरिटेज वॉक मात्र रोज असतो. रात्रीची गाडी दोन तास रखडली आणि कॅलिको शनिवारी ठेवलं असेल तर ते गेलं ते गेलंच. वॉक शनिवारी ठेवला आणि चुकला तर रविवारी थोडं काटून काहीतरी बसवता येतं. म्हणून ज्या गोष्टीची वेळ पक्की, ती दुसऱ्या दिवशी.

आणि दोन्ही एका सकाळी बसत नाहीत. वॉक पावणेआठ-आठला सुरू होऊन साडेदहाला संपतो, कॅलिको साडेदहाला सुरू होतं. बरेच जण इथेच फसतात.

आता तिकिटाचं:

रविवारी रात्रीचं परतीचं तिकीट आधी काढा, जातानाचं नंतर. सोमवारी कामावर हजर व्हायचंय अशी सगळी मुंबई त्या गाड्यांत असते. आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. ऑनलाइन तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगवर राहिलं तर आपोआप रद्द होतं, त्यावर चढता येत नाही. 'दोन-तीन वेटिंग आहे, होईल कन्फर्म' या भरवशावर मुलांचं सगळं ठरवू नका.

फर्स्ट एसीत दोन बर्थचा कूपे असतो, पण तिकीट काढताना तो निवडता येत नाही. डबा-बर्थ चार्ट लागताना मिळतात. दोघं एकाच पीएनआरवर असाल तर कूपे मिळायची शक्यता राहते, वेगवेगळी तिकिटं काढलीत तर संपलंच. नाही मिळाला तर चारच्या केबिनमध्ये दोन अनोळखी माणसं.

तिकिटावर स्टेशन नीट वाचा. अहमदाबाद म्हणजे कालुपूरचं स्टेशन, कोड एडीआय. काही गाड्या साबरमतीला संपतात आणि साबरमती नावाची दोन स्टेशनं आहेत, एक जंक्शन, एक बीजी. रात्री दहाला रिक्षावाल्याला नुसतं 'साबरमती' सांगितलंत तर तो त्याला जवळचं असेल तिथे सोडेल.

हिंगाष्टक

बोगी यांच्याशी सहमत. शिवाय रविवारी सकाळी जुन्या शहरातली बरीच दुकानं बंद असतात, त्यामुळे वॉक शनिवारीच जिवंत वाटतो. पोळींत दूधवाले, शाळेची गडबड, ओट्यावर भाजी निवडणाऱ्या बायका.

(पोळ म्हणजे आपल्याकडचा मोकाट वळू नव्हे. वेशीसारखा दरवाजा असलेली गल्ली. रात्री दरवाजा लावला की आतली वीस-पन्नास घरं एक कुटुंब.)

निशिगंधा

हेरिटेज वॉक कोणाचा? तिकीट कुठे मिळतं?

ओटा

महापालिकेचा. १९९७ पासून चालू आहे. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून निघतो आणि जामा मशिदीशी संपतो. स्टेशनपासून मंदिर पायी पंधरा मिनिटांच्या आत. आधी स्लाइड्स दाखवतात, त्या चुकवू नका, नाहीतर पुढचे अडीच तास नुसत्या भिंती दिसतात. ऑनलाइन नोंदणी होते. सुट्टीच्या मोसमात गट मोठा होतो आणि मागच्यांना वाटाड्याचं बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा लाज न बाळगता पुढे चाला.

वाटेत काय बघायचं ते सांगतो, कारण वाटाडे एकेका ठिकाणी दोन मिनिटंच थांबतात.

चबुतरा: खांबावरचं लाकडी पक्षीघर, पाखरांना दाणे टाकायला. पोळींत झाडं नाहीत, म्हणून.
टांका: घराच्या चौकाखालची पावसाच्या पाण्याची टाकी. गच्चीवरून पन्हळीने पाणी खाली. चौकात गोल झाकण दिसलं की ओळखा.
खडकी: पोळीच्या आतली छोटी पोळ.
गुप्त वाट: एका घरातून शिरून दुसऱ्या पोळीत निघता येतं. दंगलीत पळायला आणि एरवी उधारीवाल्याला चुकवायला, दोन्हीला उपयोगी.
हाजा पटेलच्या पोळीत काळा राम आहे. नाशिकच्या मंडळींनी बघावा. नाशिकला राम उभा, इथे बसलेला.
कवी दलपतरामांच्या घराच्या जागी छोटा चौक आहे, त्यांचा धातूचा पुतळा ओट्यावर बसलेला. लोक त्याच्या शेजारी बसून फोटो काढतात, त्यामुळे गुडघा चकचकीत झालाय.

लाकडी तुळयांच्या कोपऱ्यांवरचे हत्ती-घोडे आणि पोपट मान वर करून बघा. १४११ साली वसवलेलं शहर आहे आणि २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा शहर म्हणून यादीत घेतलं, त्यात या लाकडाचाही वाटा आहे. दहा घरांतलं एक पडायला आलेलं दिसेल, तेही बघा.

पायात काढ-घाल करायला सोपं काहीतरी. मंदिर, देरासर (जैन मंदिर), मशीद धरून पादत्राणं चार-पाच वेळा काढावी लागतात. लेस बांधत बसलात की गट पुढे गेला. देरासरात चामड्याचा पट्टा-पर्सही नको. स्वामिनारायण मंदिरात स्त्री-पुरुष वेगळे, चुकामूक होऊ नये म्हणून बाहेर कुठे भेटायचं ते आधी ठरवा.

दीडशहाणा

राहण्याबद्दल कोणीच बोललं नाही. दोन दिवसांचं निम्मं यश तिथेच आहे.

वेबसाइटवर स्वस्त आणि चकाचक दिसणारी बहुतेक हॉटेलं एस. जी. हायवेला आहेत. तिथून जुनं शहर दहा-बारा किलोमीटर, संध्याकाळी सहा ते नऊ पाऊण तास धरा. दिवसाला दोन फेऱ्या झाल्या तर तीन तास रिक्षात. लाल दरवाजा, भद्र, खानपूर किंवा नदी ओलांडून लगेच एलिसब्रिज, आश्रम रोड, यांपैकी कुठेही राहा. लाल दरवाजाला राहिलात तर सिदी सय्यदची जाळी, भद्र किल्ला, तीन दरवाजा, माणेक चौक सगळं पायी.

पोळीतल्या जुन्या घरांत राहायचं असेल (बऱ्याच हवेल्यांत खोल्या देतात) तर आधी फोनवर हे विचारा. लिफ्ट नसते, जिना किती उभा आहे? संडास-बाथरूम खोलीला लागून आहे की खालच्या मजल्यावर? रिक्षा दारापर्यंत येते का? मोठी चाकांची बॅग फरशीबंद गल्लीत ओढायची नसेल तर पाठीवरची न्या. पहाटे अजान आणि मंगला आरती लागोपाठ होतात, दहापर्यंत झोपायचा बेत असेल तर पोळ नको. गच्चीवर कपडे वाळत घालू नका, लंगूर येतात. खिडक्यांना जाळ्या उगीच नाहीत लावलेल्या.

पहाटे सहाला पोचणार आणि चेक-इन बाराला नाहीतर दोनला. तीन मार्ग आहेत. एक, आदल्या रात्रीचे अर्धे पैसे देऊन लवकर खोली मागणं. दोन, स्टेशनची रिटायरिंग रूम, ती कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरून काही तासांसाठी घेता येते. तीन, हॉटेलात सामान टाकून तिथल्याच बाथरूममध्ये तोंड धुऊन निघणं. तिसरा मार्ग तरुणांसाठी आहे.

दोघांचीही ओळखपत्रं मूळ न्या. एकाच्याच आधारवर खोली देत नाहीत.

चकलीताई

खायचं कुठे ते सोडून तुमचं सगळं लिहून झालं वाटतं 😀

शनिवारी दुपारी थाळी खाऊन रात्री माणेक चौक करायला जाऊ नका. आराखड्यात ते नाहीये म्हणून बरं, पण हमखास होतं. गुजराती थाळीत पाच मिनिटांनी कोणीतरी येऊन वाढून जातो आणि 'नको' त्याला ऐकू येत नाही. ताटावर आडवा हात धरायचा, बोलायचं नाही. शनिवारी दुपारी हलकं, रात्री माणेक चौक. थाळी रविवारी दुपारी.

थाळी कशी खायची: फरसाण (खांडवी, ढोकळा, पात्रा) आधी येतं, त्यावर पोट भरू नका. मग रोटली-शाक-कठोळ (पोळी, भाजी, कडधान्य). शेवटी खिचडी-कढी आणि इथेच बहुतेक मराठी माणूस 'झालं माझं' म्हणून उठतो. खिचडी-कढी न खाता उठणं म्हणजे पुरणपोळी सोडून कटाची आमटी खाऊन येणं. डाळ गोड आहे म्हणून तक्रार नको, ती तशीच असते. हिवाळ्यात गेलात तर उंधियू.

माणेक चौक एका दिवसात तीन वेळा बदलतो. सकाळी गाईंना चारा घालायला लोक येतात, दिवसा सराफांची पेढी आणि रात्री सराफ दुकानं बंद करून गेले की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या. नऊला गेलात तर बाकं लावणं चालू असतं. दहा ते साडेबारा खरी वेळ. घुघरा सँडविच, भरपूर लोण्यातला ग्वालिया डोसा, पावभाजी, कुल्फी. अननस-सँडविच आणि चॉकलेट-सँडविच नावाचे प्रकार मिळतात, एकच घ्या, दोघांत. लोणी कमी हवं तर ऑर्डर देतानाच 'बटर ओछुं', तव्यावर पडल्यावर सांगून उपयोग नाही. एकेक पदार्थ मागवून दोघांत वाटा. दोघांनी दोन-दोन घेतले की तिसऱ्यालाच पोट फुटतं.

रविवारी सकाळी फाफडा-जलेबी. रविवारी आठनंतर रांग. सोबत कच्च्या पपईचा संभारो, तळलेली मिरची आणि बेसनाची कढी द्यायला हवी, नुसता फाफडा बांधून दिला तर दुकान बदला.

लाल दरवाजाजवळ लकी नावाचं चहाचं दुकान आहे. आत टेबलांच्या मधोमध जुन्या कबरी आहेत, हिरव्या रंगाने रंगवून त्यांना कठडे केलेत. मस्काबन आणि चहा. एम. एफ. हुसेन यांनी दिलेलं चित्र भिंतीवर असतं.

सामिष हवं असेल तर तीन दरवाजाजवळची भटियार गल्ली. थाळीच्या हॉटेलात विचारू नका.

बोगी नं. सात

एक सांगायचं राहिलं. गुजरातेत दारूबंदी आहे. गोव्याच्या सहलीहून बॅगेत राहिलेली अर्धी बाटली पुन्हा तपासून काढा. बाहेरच्या राज्यातल्यांना तात्पुरता परवाना मिळतो, काही हॉटेलांतल्या परवानाधारक दुकानांतून, ओळखपत्र आणि प्रवासाचं तिकीट दाखवून. परवान्याशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे आणि 'आम्ही पाहुणे' हे उत्तर चालत नाही.

निशिगंधा

खाण्या-राहण्याचं कळलं. माझी अडचण वेगळी. धाकटा तीनचा, थोरली सातची. सासूबाई-सासरे सांभाळतील. त्यांना काय काय लिहून द्यायचं?

तिसरी घंटा

हा धाग्यातला खरा विषय. बाकी गुगलवर मिळेल.

औषधापासून सुरू करते. मुलांच्या तापाच्या पॅरासिटामॉल सिरपचं एकाच नावाखाली दोन ताकदींत पॅकिंग येतं: ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम. खोकी जवळजवळ सारखी. ड्रॉप्स तिसरेच, १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम. मात्रा वजनावर, एका वेळी किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. बारा किलोच्या मुलाला जास्तीत जास्त १८० मिलिग्रॅम, म्हणजे १२० च्या बाटलीतून साडेसात मिली, पण २५० च्या बाटलीतून साधारण साडेतीन मिली. तुम्ही आजींना 'साडेसात मिली द्या' सांगून गेलात, घरातली बाटली संपली, आजोबांनी दुकानातून दुसरी आणली, तर मुलाच्या पोटात दुप्पट औषध जातं. म्हणून:

- घरात एकच ताकदीची बाटली ठेवा, दुसरी काढून टाका.
- बाटलीवर मार्करने मुलाचं नाव आणि मिली लिहा. दोन मुलं, दोन बाटल्या.
- नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडून मात्रा चिठ्ठीवर लिहून घ्या, स्वतः हिशेब करू नका. दोन डोसांमधलं अंतरही लिहून घ्या. चार तासांच्या आत कधीच नाही, बरेच डॉक्टर सहा तास सांगतात.
- स्वयंपाकघरातला चमचा नको. सोबतचं मापाचं झाकण किंवा सिरिंज.
- फ्रिजवर कागद: दिलेली वेळ आणि किती. आजींनी दिलं आणि आजोबांनीही दिलं, हे सर्रास होतं.

दवाखान्यासाठी: दोन्ही मुलांचं आधार, विमा कार्डाचा फोटो, लसीकरणाचं पुस्तक, ॲलर्जी असेल तर ठळक अक्षरात, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत दाराजवळ. विम्याचा ओटीपी तुमच्या नंबरवर येतो, म्हणून कॅलिकोच्या फेरीच्या वेळी, जेव्हा दोघांचेही फोन जमा असतील, तेव्हा घरून फोन लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवा आणि त्या अडीच तासांसाठी जवळच्या एका नातेवाइकाचा नंबर द्या.

सातच्या मुलीला शनिवारी शाळा किंवा क्लास असेल तर शाळेत अर्ज लागतो. आजोबा न्यायला गेले आणि यादीत नाव नाही तर गेटवरचा माणूस मूल सोडत नाही, सोडूही नये.

तिसरी घंटा

पुढचं वेगळ्या प्रतिसादात, आधीचा फार लांबला.

फोन झोपायच्या वेळी करू नका. रात्री साडेनऊला व्हिडिओवर आईचा चेहरा दिसला की तीन वर्षांचं मूल हमखास रडतं, मग अकरापर्यंत आजी त्याला घेऊन येरझाऱ्या घालतात आणि तुम्ही माणेक चौकात उभे राहून घास गिळत नाही. फोन संध्याकाळी पाच-सहाला, दूध पिऊन झाल्यावर, खेळायला जायच्या आधी. बोलणं पाच मिनिटं. मुलाला बोलायचं नसेल तर आग्रह नको, ते चांगलं लक्षण आहे.

'दोन दिवसांनी येतो' याला तीनच्या मुलाकडे अर्थ नाही. 'तीन झोपा' म्हणा. कागदावर तीन चौकोन, रोज सकाळी एक खोडायचा. गुपचूप पळून जाऊ नका, सांगून जा, रडलं तरी.

पंधरा दिवस आधी एक रात्र रंगीत तालीम करा. मुलं आजी-आजोबांच्या खोलीत, तुम्ही त्याच घरात, पण उठायचं नाही. काय काय अडलं ते सकाळी कळतं. कोणत्या अंगाला थोपटायचं, पांघरूण कोणतं, रात्री पाणी कुठल्या बाटलीतून, हे तुम्हाला माहीत असतं आणि लिहून द्यायचं सुचत नाही.

बाथरूमच्या आतल्या कडीवर चिकटपट्टी लावून ती निकामी करा. तीनचं मूल आत जाऊन कडी लावतं, काढता येत नाही, आणि आजोबा दार तोडायला जातात. घराच्या जादा किल्लीचा एक जोड शेजाऱ्यांकडे.

आणि आजी-आजोबांच्या स्वतःच्या गोळ्या चार दिवसांच्या मोजून ठेवा. मुलांमागे धावताना त्यांची सकाळची बीपीची गोळी पहिली विसरते. रविवारी स्वयंपाक त्यांच्यावर टाकू नका, डबा सांगून ठेवा.

दीडशहाणा

+१. फ्रिजवर एकच पान लावा. चार पानांची नियमावली कोणी वाचत नाही आणि आजींचा अपमान होतो तो वेगळाच. त्यांनी तुम्हाला वाढवलंय.

मुक्कामपोस्ट

क्रम बदलला. सुधारित:

शनिवार: सामान टाकून पावणेआठला स्वामिनारायण मंदिर. वॉक. जामा मशीद (१४२४ सालची, २६० खांब, सुलतान अहमदशहाने बांधलेली), तिथूनच राणीनो हजीरो (राण्यांच्या कबरी), तीन दरवाजा. साडेअकराला हॉटेल, झोप. चारला आश्रम. रात्री दहाला माणेक चौक.
रविवार: फाफडा, चेक-आउट करून सामान हॉटेलातच, साडेदहा ते एक कॅलिको. नंतर अडालज की थाळी यात अडकलोय.

ओटा

अडालज सोडा. शहरापासून अठरा किलोमीटर, जाऊन-येऊन दोन तास आणि रविवारी दुपारी सेल्फीवाल्यांनी पायऱ्या भरलेल्या. १४९९ ची, पाच मजली, अप्रतिम आहे, पण ती सकाळी आठला बघायची गोष्ट.

त्याऐवजी असारव्याची दादा हरीरची वाव. कॅलिको शाहीबागेत, तिथून असारवा शेजारीच. वाव साधारण त्याच काळातली, सुलतानाच्या जनानखान्यातल्या बाई हरीरने बांधलेली. संस्कृत आणि अरबी असे दोन्ही शिलालेख आत आहेत. गर्दी नाही. जिना उतरताना एकेका मजल्यावर थांबा: वर उन्हाचे कवडसे, खाली गारवा, आणि खांबांवर फुलांच्या पट्ट्या, ज्यात मूर्ती एकही नाही. तळाला अष्टकोनी विहीर. कठडे कमी उंचीचे आहेत, फोटो काढताना मागे सरकू नका.

कॅलिकोबद्दल थोडं. १९४९ साली साराभाई कुटुंबाने सुरू केलेलं. मोबाइल, कॅमेरा, पिशव्या बाहेर. बुधवारी आणि सार्वजनिक सुट्टीला बंद, त्यामुळे जोडून सुट्टीचा वीकेंड निवडलात तर आधी तपासा. नोंदणी काही आठवडे आधी करा, शनिवार-रविवार आधी भरतात. पटोळ्याजवळ थांबा: ताणा आणि बाणा दोन्ही विणायच्या आधीच बांधून रंगवलेले, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी. आपल्या पैठणीचा पदरही दोन्ही अंगांनी जवळजवळ सारखा असतो, पण तिथे रंगीत धागा विणतानाच गुंतवतात. दोन्ही कसबांतला फरक डोळ्यांनी कळतो. फेरी वेगात चालते, कापड आवडणाऱ्याला चुटपुट लागते. ज्याला कापडात रस नाही अशा जोडीदाराने आधीच सांगून बागेत बसावं. अडीच तास तोंड पाडून फिरलेला माणूस पुढचा दिवस बिघडवतो.

हिंगाष्टक

रविवार आहे तर एलिसब्रिजखालची गुजरी विसरू नका. नदीकाठचा रविवारचा जुना बाजार. कोल्हापूरच्या गुजरीत सोनं, इथल्या गुजरीत जुनं. पितळी कुलपं, लाकडी ब्लॉक, खाटा, पुस्तकं, जुनी अवजारं. छपाईचे ठसे घेताना खालची नक्षी झिजलेली नाही ना ते बोटाने बघा आणि लाकडाला बारीक भोकं असतील तर घेऊ नका, किडा घरातल्या कपाटात येतो. सुटे पैसे ठेवा.

सिदी सय्यदची मशीद (१५७२-७३) सगळ्यांत शेवटी, चारनंतर. जाळ्या पश्चिमेच्या भिंतीत आहेत, त्यामुळे उतरतं ऊन बाहेरून थेट त्यांच्यावर पडतं. नमाजाच्या भागात स्त्रियांना आत जाता येत नसेल तर मागच्या रस्त्यावरून बघा, झाडाची जाळी तिथूनच जास्त नीट दिसते. एका दगडात नाही कोरलेली, तुकडे जोडलेत, सांधे शोधायचा प्रयत्न करा. आयआयएम अहमदाबादच्या बोधचिन्हात हीच आहे.

अवांतर: भद्रला गेलात तर आठवणीने बघा, १७५३ मध्ये मराठ्यांनी शहर घेतलं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१७ पर्यंत पेशवे आणि गायकवाड अर्धं-अर्धं वाटून घेत होते. रायखडला गायकवाडांची हवेली अजून उभी आहे. पोलिसांच्या ताब्यात असल्याने बाहेरूनच बघायची.

निशिगंधा

कोणत्या महिन्यात? आणि कॅलिकोची नोंदणी नाही मिळाली तर?

बोगी नं. सात

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी. दिवाळीच्या पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत जाऊ नका, जुन्या शहरात दुकानं बंद असतात. १४-१५ जानेवारीला उत्तरायण, हॉटेलं महिनोन् महिने आधी भरतात, गच्च्या भाड्याने जातात. त्या दोन दिवसांत दुचाकीवर बसू नका, मांजा गळ्याला येतो. एप्रिलनंतर बेचाळीस-चव्वेचाळीस अंश, दुपारी खोलीतच बसाल.

फिरायला मेट्रो आहे. कालुपूर, घीकांटा, शाहपूर ही जुन्या शहरातली भुयारी स्टेशनं, जुन्या हायकोर्टाला दोन्ही मार्ग बदलता येतात. आश्रमाला थेट नाही, वाडजला उतरून रिक्षा.

कॅलिको नाही मिळालं तर गुजरात युनिव्हर्सिटीजवळचं लालभाई दलपतभाई संग्रहालय. जैन हस्तलिखितं आणि लघुचित्रं, सोमवारी बंद. किंवा सरखेज रोजा: नैऋत्येला आठेक किलोमीटर, तलाव, राजवाड्याचे अवशेष आणि संत अहमद खट्टूंची कबर. तिथे कोणी घाई करत नाही, दोन तास पायऱ्यांवर बसून काढता येतात.

चकलीताई

परत जाताना खाखरे घ्या. मेथी आणि जिरे हे दोन टिकतात, बाकीच्या चवींचा कंटाळा येतो. ताठ डब्यातला घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा. गाडीत बर्थखाली सरकवलेली पाकिटं बोरिवलीपर्यंत चुरा होतात. मुलांसाठी पतंग आणि साध्या सुती दोऱ्याची छोटी फिरकी, मांजा नाही.

निशिगंधा

तिकिटं साठ दिवसांवर मोजली, जानेवारीचा चौथा आठवडा. २६ जानेवारी सोमवारी येतेय.

बोगी नं. सात

मग जोडून सुट्टी झाली, गर्दी दुप्पट. रविवारी कॅलिको उघडं आहे का ते तिकीट काढायच्या आधी विचारून घ्या. शक्य असेल तर एक आठवडा पुढे ढकला.